दुसरी गोळी

माझ्या मावसभावाच्या, म्हणजे आमच्या दादाच्या, पोटात कुठलीही गोष्ट चार तासांच्या वर टिकत नाही, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. तिवस्याजवळ त्याच्या शेतात फुलकोबी नि शेवंती, विक्री अमरावतीच्या बाजारात, आणि तिथे हा गृहस्थ स्वतःच्याच मालाला नावं ठेवत बसायचा. एखाद्या बाईनं गड्डा उचलला की तो काढून घेऊन म्हणायचा, "हा किडका हाय बाई, बाजूवाल्याचा घ्या." वहिनी कपाळावर हात मारून घ्यायची. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोहे संपायच्या आत त्यानं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगून टाकलं, की मी बारावीला एकदा आपटलो होतो आणि झोपेत घोरतो. एवढं खरं बोलणाऱ्या घरात मुलगी द्यायला हरकत नाही, असं सासऱ्यांना वाटलं, म्हणून माझं लग्न झालं. पुढे माझं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं. भरल्या एसटीत एका भल्या माणसानं मला जागा देऊ केली, तर दादा मोठ्यानं म्हणाला, "याले बसवू नका, याचं मूळव्याधीचं आपरेशन झालं, हा उभाच बरा." मी शाळामास्तर, आणि त्या गाडीत माझ्या विद्यार्थ्यांचे तीन पालक होते.

गेली तीन वर्षं तो दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अकोल्याला आमच्याकडे यायचा. दुपारी बाराच्या सुमारास देवासाठी शेवंती घेऊन हजर. बायको पाटवडीचा रस्सा करायची. तो पोटभर जेवायचा, अख्ख्या तिवस्याची लफडी सांगायचा आणि पाचच्या गाडीनं परत जायचा. एवढी माया कोण करतं हल्ली, असं मी शाळेत चारचौघांत मिरवायचो. तो आला त्या शेवटच्या मंगळवारी मात्र रस्सा ताटात तसाच ठेवून तो म्हणाला, "बापू, एक गोष्ट सांगू का तुले?" मी हसलो. म्हटलं, तुझी सांगायची राहिलेली गोष्ट आहे तरी कोणती? तोही हसला, आणि बार्शीटाकळीचे त्याचे होणारे व्याही बशीतून चहा कसा भुरकतात, ते करून दाखवलं. पोरीचं लग्न तिथे ठरलं होतं.

पंधरा दिवसांनी शेतातली गंजकी तार त्याच्या पायात घुसली. जखम चिघळली, साध्या औषधांना दाद देईना, तेव्हा अमरावतीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी धावत गेलो. डॉक्टर म्हणाले, आता जरा जबर अँटिबायोटिक सुरू करतो, दुसरी कोणती गोळी चालू आहे का? दादा म्हणाला, "नाई साहेब, बीपीची बी नाई." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, हा माणूस काही लपवणाऱ्यातला नाही." दादा तेवढा वेळ वरच्या पंख्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी त्याचे हात कापायला लागले. घामानं चादर भिजली, पाय आपोआप झटके देऊ लागले, ताप चढला, तो असंबद्ध बोलू लागला. जखमेचंच विष अंगात भिनलं असं सगळ्यांना वाटलं, आणि औषध चालूच राहिलं. पाचव्या दिवशी वहिनीनं त्याच्या पिशवीतला शेवंतीच्या बियांचा डबा उघडला. त्यात बियांखाली उदासीवरच्या गोळ्यांची पट्टी होती. दवाखान्यातही तो त्या चोरून घेत होता. डॉक्टरांनी पट्टीवरचं नाव दोनदा वाचलं. ही दोन्ही औषधं वेगवेगळी चांगली, पण एका अंगात एकत्र आली तर जिवावर बेतू शकतं, असं ते म्हणाले. त्यांनी दोन्ही ताबडतोब बंद केली. पण उशीर झाला होता. दादा गेला.

लोक म्हणतील याच्या डोक्यात बिघाड आहे, आणि पोरीचं लग्न मोडेल, ही त्याची भीती असणार. लग्न काही मोडलं नाही. तेराव्याला व्याह्यांना सगळं कळलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "अहो, आमच्या घरी बी एकाले अशीच गोळी चालू हाय."

पट्टीसोबतच्या चिठ्ठीवर अकोल्याच्या डॉक्टरांचं नाव होतं. मी त्यांना जाऊन भेटलो. पहिल्या मंगळवारी सकाळी दहाचा त्याचा नंबर असायचा. म्हणजे तो आमच्यासाठी येतच नव्हता, आणि खोटं कशाला सांगू, तशातही मला त्याचा राग आला. मग डॉक्टर म्हणाले, "साडेदहाला ते मोकळे व्हायचे. घरच्या एकाला तरी सांगून ठेवा, दुसरं औषध लागलं तर कामी येईल, असं मी दर वेळी बजावायचो. ते म्हणायचे, आज भावाले सांगतो." साडेदहा ते बारा तो तेच मनाशी जुळवत फिरत असणार.

आयुष्यभर त्यानं कुणाचीही परवानगी न घेता सगळ्यांचं सगळं सांगितलं. स्वतःचं सांगायचं होतं तेव्हा माझी परवानगी मागितली, आणि मी हसलो. बायको अजून पहिल्या मंगळवारी पाटवडी करते. मी दुपारी ताटावर बसतो, समोरचा पाट रिकामा असतो, आणि मनातल्या मनात त्याच्याच बोलीत म्हणतो, सांग दादा, मी ऐकून राहिलो.