पागेच्या छतावरचे मामू

‘रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे बादशाही बैठकीचे छत कोसळले.’ परभणीच्या जुन्या वास्तूंवरील स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. आता तेच पागेच्या दाराशी संगमरवरी फलकावर कोरले जाणार आहे. लिहिणाऱ्यांनी त्या रखवालदाराला, मामूंना, पाहिले नव्हते. मी पाहिले आहे, आणि हे वाक्य खोटे आहे.

निजामाच्या काळातील या इमारतीचे दोन भाग आहेत: एक घोडदळाची पागा, दुसरी बड्या पाहुण्यांची बैठक. दोहोंवर एकच चुन्याचे छत होते. मामूंचे आजोबा इथल्या घोड्यांना खरारा करीत. मामू इथले रखवालदार. इमारत पाहायला येणारे विचारीत, ‘बादशहा नेमका कुठे बसायचा?’ मामू म्हणत, ‘बादशा आलता का न्हाई, खुदा जाणे. घोडे मातर रोज असायचे.’

छतावर ते नेहमी अनवाणी चालत. टाच आपटीत, थांबत, कान देत. ‘गुरुजी, हितं पोकळ बोलायलंय,’ म्हणून तेवढीच जागा खडूने आखीत. पावसाआधी तिथला थर खरडून, बेलफळाचा गर आणि गुळाचे पाणी घातलेला चुना लाकडी थापीने दिवस दिवस ठोकीत. ‘किती ठोकाल?’ असे मी एकदा विचारले. ‘घाई लग्नात करा गुरुजी, चुन्यात न्हाई.’

इतिहासाचा शिक्षक म्हणून मी दुरुस्ती समितीवर होतो. बैठक राजेशाही, म्हणून तिच्या छतावर सिमेंट टाकायचे ठरले. पागेला कुणी विचारले नाही. मामू न बोलावता सभेत आले. ‘सायेब, चुन्यावर सिमेंट नका घालू. आतली ओल भाईर निघंना गेली तर तुळया कुजतेत.’

‘मामू, तुम्ही तुमचे घोडे सांभाळा,’ कुणीतरी म्हणाले.

‘बरं हाय. बादशाला सिमेंट, घोड्याला चुना!’

सारे हसले. मीही हसलो. त्या ठरावावर माझी सही आहे. ती मी लपवणार नाही.

त्यानंतर बैठकीच्या छतावर जायची मामूंना मनाई झाली. तिसऱ्या पावसाळ्यात, भर दुपारी, ते छत तुळयांसकट खाली आले. आत कुणी नव्हते हे नशीब. चौकशीत दोष रखवालदाराचा निघाला आणि त्यांना काढून टाकले. मी त्या चौकशीतही बसलो होतो. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. ‘छत पडलं त्याचं वाईट न्हाई वाटत, गुरुजी. तुमी तरी बोलाल वाटलं होतं.’

मी बोललो नाही. मामू चुडाव्याला लेकीकडे गेले आणि तिथेच वारले. मला कळले तेव्हा चाळिसाव्या दिवसाचा विधीही उरकला होता.

आता बोलतो. फलक लावणाऱ्यांनी कोरण्याआधी माझ्यासोबत पागेत यावे. मामू गेल्यापासून तिथल्या छताला कुणी थापी लावलेली नाही. कोसळले ते सिमेंटखालचे छत. मामूंच्या चुन्याखालची पागा अजून उभी आहे, आणि परवाची झड ओसरल्यावर मी तिथल्या फरशीवर तळहात टेकवला, तेव्हा ती कोरडी होती.