आत्याने पाहिलेला एकच सिनेमा

पापनाशम गावची माझी आत्या थिएटरात कधी गेली नव्हती. तंजावरला आमच्याकडे आली की गरम फिल्टर कापीचा पेला घेऊन म्हणे, "सांग रे, काय पाहिलंस?" मग मी अख्खा सिनेमा सांगायचो. कथा जिथे लंगडायची, तिथे माझ्या मनचं घालायचो. घरात केबल आली, तरी तिला माझ्याच तोंडचा सिनेमा हवा असे.

एकदा प्रचंड खर्चाचा, मारामारीचा सिनेमा आला. तिला थिएटरात न्यायचा हट्ट मीच धरला. "तुझ्या तोंडून एवढा गोड, तर पडद्यावर किती असेल!" म्हणत ती आली. तीन तास गाड्या उडाल्या, पूल कोसळले. नायक कुणावर चिडलाय, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आत्या कानांवर पदर दाबून बसली होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आता घरी चल आणि नीट सांग."

कापी निवली, तरी मला काही जुळवता येईना. "आत्या, यात कथाच नव्हती गं."

"मग आजवर सांगितलेल्या सिनेमांत होती?"

मी नुसता हसलो. तिला उत्तर मिळालं.

पुढच्या खेपेला तिने कापी घेतली, कालव्याला पाणी सुटल्याचं सांगितलं आणि उठली. मी एक सिनेमा तयार ठेवला होता. तिने विचारलंच नाही.