आत्यानं कानात सांगितलेलं नाव

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये मला अक्कल शिकवायला कुणी येऊ नये. भूत, करणी, अंगात येणं, दृष्ट — यातलं काहीही मी मानत नाही. लातूरला क्लासेसमध्ये बायोलॉजी शिकवते. दारावर लिंबू-मिरची बांधलेली दिसली की लिंबू वाया गेलं म्हणून हळहळणारी बाई आहे मी. माझा नवरा म्हणतो, तुझ्यासमोर भूत आलं तर तू आधी त्याची तोंडी परीक्षा घेशील. तर मी हे घाबरून लिहीत नाहीये. जे झालं ते भर दुपारी, घरभर बायकांच्या देखत झालं, आणि माझ्याच तोंडून झालं... म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ महेश नांदेडला नोकरीला आहे. त्याची बायको शिल्पा, इंजिनिअर, माहेर देगलूरचं. देगलूर म्हणजे तीन राज्यांच्या सांध्यावरचं गाव. शिल्पाच्या माहेरी घरात मराठी, शेजारणीशी तेलुगू आणि भांडण रंगात आलं की कानडी. मला कानडी 'ऊटा आयता?' म्हणजे 'जेवलात का?' एवढंच येतं. त्याच्यापुढं माझी गाडी सरकत नाही. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

शिल्पाचं पहिलं बाळ गेलं. महेशनं हौसेनं पाचव्या महिन्यातच नाव ठरवून टाकलं होतं — मुलगा झाला तर अर्णव, मुलगी झाली तर आर्णवी. पोटाला तोंड लावून रोज हाका मारायचा. आम्ही हसायचो. सातव्याच महिन्यात मुलगा झाला, काही दिवस काचेच्या पेटीत राहिला आणि गेला. बारसं झालंच नाही. त्यानंतर शिल्पा मला एकच वाक्य बोलली होती, "आपण त्याला लई लवकर नावानं हाक मारली, अक्का." मी तिला फुप्फुसांची वाढ, वजन, सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. तिला पटलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या वेळी तिनं घरात नावाचा विषय काढू दिला नाही. डोहाळजेवण नको म्हणाली, कपडे आणू दिले नाहीत. या वेळी सगळं नीट झालं. पूर्ण दिवसांचा, चांगला गुटगुटीत मुलगा! ती बाळाला घेऊन देगलूरला गेली आणि थोड्याच दिवसांत महेशचा फोन आला. पुरुषमाणूस, पण आवाज पार गळून गेला होता.

"अक्का, ती त्याच्याकडं बघतबी न्हाई. दूध पाजते, आईच्या हातात देते, अन् भिंतीकडं तोंड करून पडते. तो रडला तर म्हणते, 'आई, ते रडायलंय, बघ.' ते! आपल्या लेकराला कुणी असं बोलतं का?"

मला वाटलं, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन. अजूनही मला तेच निदान बरोबर वाटतं. म्हणलं डॉक्टरला दाखव, आणि बारसं कर. नाव पडलं की माया लागते. "ती नको म्हणायलीय," तो म्हणाला. मी म्हणलं, "आत्या मी आहे. नाव ठेवायचा मान माझा. बाकी माझ्यावर सोड."

नाव महेशनंच निवडलं, रेयांश. आमच्या कॉलनीत ही हाक मारली तर चार पोरं धावत येतील, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. पण बापाची हौस, म्हणलं ठीक आहे. बारशाच्या दिवशी सकाळी लातूरहून एसटीत बसले आणि उदगीरमार्गे देगलूरपर्यंत मनात रेयांश, रेयांश घोकत गेले. उगाच रियांश-बियांश तोंडात यायला नको.

घर बायकांनी गच्च भरलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, एकीकडं घुगऱ्यांची पातेली. शिल्पाची आई, मी त्यांना काकू म्हणते, बाळाला कुंची घालत होत्या. शिल्पा पाळण्याच्या एका बाजूला बसली होती, डोक्यावर पदर, नजर फरशीवर. मी जवळ जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती हळूच म्हणाली, "अक्का, आज राहू द्या न्हाई का?" मी म्हणलं, "काही होत नाही गं. मी आहे ना!" केवढा माझा तोरा.

आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून-वरून फिरवला, मग बाळाला. शेवटी त्याला पाळण्यात ठेवलं आणि मी वाकले. आमच्याकडं आत्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि त्याच क्षणी सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. मागं बायका हात उगारून तयारच होत्या, कुणी तर बाह्यासुद्धा सारल्या होत्या. मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं. दुधाचा, वेखंडाचा वास आला. 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाले —

"नम्म तिप्पण्णा."

हळू नाही हां. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत जातो त्या आवाजात.

मला स्वतःला कळेना मी काय बोलले. डोक्यात रेयांशच होतं, जिभेनं भलतंच केलं. पाठीत एकही धपाटा पडला नाही. बायकांचे हात वरच्या वर राहिले. एक पोरगी फिस्सकन हसली, तिच्या आईनं तिला चिमटा काढला. दारातून महेश ओरडला, "अक्का! काय बोलायलीस तू?"

"मी रेयांशच म्हणणार होते रे..." एवढंच मला सुचलं.

काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "ताई, तुम्हाला कानडी येतंय का?"

"कुठलं हो कानडी!"

"तिप्पे म्हणजे उकिरडा," काकू म्हणाल्या. "ज्या घरात लेकरं टिकत न्हाईत, तिथं ही नावं ठेवायचे. तुमच्यात उकिरड्या, केरबा ठेवायचे की, तसं. नम्म म्हणजे आपला. आपला तिप्पण्णा."

शुभ कार्यात, लेकराच्या कानात मी उकिरडा म्हणाले होते! महेशचं तोंड रागानं लाल झालं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात शिल्पा उठली. पदर डोक्यावरून घसरला, तिचं लक्ष नव्हतं. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ही आता माझ्या कानाखाली काढते, आणि काढली तर चुकीचं काही नाही.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. आईला न्हाई, ह्यांना न्हाई. कुणालाच."

आणि मग तिचा बांध फुटला. सगळ्यांसमोर, हुंदके देत देत ती बोलली. दार लावून दूध पाजताना, पदराखाली तोंड नेऊन ती त्याच्या कानात एवढंच म्हणायची, नम्म तिप्पण्णा, नम्म तिप्पण्णा. लहानपणी तिच्या आज्जीनं सांगितलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लेकराला उकिरड्यावर ठेवून तसलं नाव दिलं की न्यायला येणाऱ्याला वाटतं, केरकचरा आहे, काय न्यायचं. "मी इंजिनिअर झालेली बाई, कुणाला सांगू हे? तुम्ही तर हसला असतात, अक्का." आणि खरं सांगते, मी हसलेच असते.

"चारचौघात जवळ घेतलं, पापा घेतला, तर कुणालातरी दिसंल की माझा जीव ह्याच्यात हाय. मग ह्यालाबी नेतील. म्हणून मी बघत नव्हते. दिवसभर बघावं वाटायचं... पण बघत नव्हते."

काकूंनी पदर तोंडाला लावला. महेश दारातच खाली बसला. आम्ही सगळे समजत होतो की हिला बाळाची माया नाही, आणि ही बाई मायेपायी भिंतीकडं तोंड करून पडत होती! मला इतकं भरून आलं की मी तिला घट्ट मिठीच मारली.

तिनं डोळे पुसले आणि वाकून बाळाला पाळण्यातून उचललं, सगळ्यांच्या देखत. छातीशी धरलं, कपाळाचा, गालाचा, कुंचीचा, जिथं मिळेल तिथं मुका घेत सुटली. "माझा हाय तो. माझा तिप्पण्णा हाय." मग रडत रडतच हसली आणि बायकांना म्हणाली, "बघत काय राहिल्या? नाव पडलं न्हवं? घाला की अक्काला धपाटे!"

असले धपाटे पडले म्हणून सांगू... पाठ आठवडाभर बोलत होती.

आता तुम्ही विचारणार ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. शिल्पाला म्हणताना मी कधी ऐकलं असेल? मी त्या दिवशीच पोचले होते, आणि पाजताना तिचं दार बंद असायचं. काकूंनीच कधी ऐकलं नाही, मी कुठून ऐकणार! तिप्पण्णा नाव लातूरच्या बाजारात कधी कानावर पडलं असेल? पडलं असेल, हाव, मान्य. तेवढा मुद्दा तुमचा. पण 'नम्म'? मला तर त्याचा अर्थसुद्धा माहीत नव्हता. आणि तीच दोन शब्दांची जोडी, त्याच कानाशी, नेमकी बारशाच्या वेळेला? महेश म्हणतो, योगायोग. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बायकांचे उगारलेले हात बघून तू गांगरलीस. गांगरलेल्या माणसाला कानडी येतं का? मला विज्ञान सोडायचं नाही आणि मी सोडलेलंही नाही. पण या एका गोष्टीला माझ्याकडं उत्तर नाही. कुणाकडं असेल तर कळवा, मात्र 'शक्ती', 'संकेत' असले शब्द वापरणार असाल तर तसदी घेऊ नका.

जन्माच्या दाखल्यावर नाव रेयांशच आहे. परवा नांदेडला व्हिडिओ कॉल लावला तर पोरगं रांगत रांगत दारापर्यंत गेलेलं. शिल्पा स्वयंपाकघरातून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ए तिप्पण्णा! चप्पल तोंडात घालतोस व्हय रं, मेल्या!" आणि त्यानं मागं वळून खुदकन हसून दाखवलं.