ल्यूबेनचं पोट आणि कंपाउंडर हारालाम्पी

हारालाम्पी,

परवा चौकात तुझा सत्कार झाला म्हणे. छावणीत तीस वर्षं कंपाउंडर आणि एकही शिपाई दगावला नाही, असं भाषणात सांगितलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी नव्हते.

तुझी विद्या मला पाठ आहे. नव्या शिपायांच्या शपथविधीच्या रविवारी बल्गेरियातल्या आया बानित्साची, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पोळ्यांची, गाठोडी घेऊन छावणीच्या फाटकाशी येतात, पोरं हादडतात आणि सोमवारी निम्मी बराक पोट धरून बसते. म्हणून तुझं सोमवारचं निदान रविवारीच तयार असायचं. त्या नव्या पोरांतल्या ल्यूबेनलाही तू तेच चिकटवलंस.

"काय रे, आईची बानित्सा किती हाणलीस?"

"साहेब, आधी बेंबीपाशी दुखत होतं. आता उजवीकडे, खाली."

"म्हणजे बानित्सा निघालीय फिरायला. जाऊ दे तिला."

पोटाला हात न लावता तू गरम विटेचा शेक दिलास, वर जुलाबाचं औषध. अपेंडिक्सवर याहून वाईट इलाज मला ठाऊक नाही.

मंगळवारी आचारी मेतोदीनं त्याला पावाच्या गाडीत घालून माझ्याकडे हॉस्पिटलात आणलं. पोरगा उजवा पाय पोटाशी ओढून पडलेला. मी पोट दाबलं तेव्हा त्यानं सोसलं, हात उचलला तेव्हा कळवळला. मेतोदीनं उशाशी गाठोडं ठेवलं.

"डॉक्टरबाई, गाठसुद्धा सोडली नाहीये बघा. आईचं आणलेलं ज्याला खाववत नाही, तो आजारीच. एवढं मला आचाऱ्याला कळतं."

पोट उघडलं तर अपेंडिक्स फुटलेलं.

आणि तू काय केलंस? पोराची आई नेदेल्या चौकशीला आली, तर तिला फाटकातच सांगितलंस, "बाई, तुझ्या खाण्यानं घात केला." ती लाजेनं हॉस्पिटलात न येता गावी परतली. बुधवारी मी गाठोडं तुझ्या हातात दिलं. म्हटलं, "आजच जा. तिनं बांधलेली गाठ तिला दाखव आणि तिला इकडे घेऊन ये. पोरगा जगेल की नाही, सांगता येत नाही."

"जातो की, रविवारी," म्हणालास.

नऊ दिवस पोरगा तापात तिला हाका मारत होता. वाचला, त्यात तुझं काही नाही. घरी जाऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. तिला वाटलं, आपल्याला जपतोय. पुन्हा तिनं बानित्सा केली नाही. गाठोडं तुझ्या फडताळात कुजलं, मेतोदीनं फेकलं. गाठ तेव्हाही तशीच होती. तुझा तो रविवार अजून यायचाय.