भिंतीकडे तोंड

माझी मावशी बावीस वर्षं भिंतीकडे तोंड करून पगार घेत होती. हे वाक्य तिचंच, आणि ती ते हसत सांगायची. आरोग्य खात्याच्या सर्वेक्षणासाठी ती शाळाशाळांतून फिरायची, नववी-दहावीच्या मुलांना प्रश्नावली वाटायची. सिगारेट ओढता का, दारू चाखलीय का, हेल्मेटशिवाय गाडी हाणता का. एकतिसावा प्रश्न शरीरसंबंधांचा, मर्जीच्या आणि जबरदस्तीच्याही. कागद वाटून झाले की ती म्हणायची, "तुमचं नाव कुणालाही कळणार नाही," आणि फळ्याशेजारच्या भिंतीकडे वळून चाळीस मिनिटं उभी राहायची. रंगाचे पोपडे मोजायची. मागे मुलं खरं लिहायची.

त्या खऱ्यामुळेच एका शाळेला समुपदेशनाची खोली मिळाली. खोली कसली, जिन्याखालची अडगळ. दोन खुर्च्या आणि एक नर्स. पण तिथे एका मुलीने तोंड उघडलं आणि तिला छळणारा चाळिशीचा शिकवणीवाला गजाआड गेला.

मग कायद्याने संमतीचं वय वाढलं; शाळकरी मुलांचे मर्जीचे संबंधही गुन्हा ठरले. तिच्या कार्यालयातल्या साहेबांनी लगेच फर्मान काढलं: प्रत्येक प्रश्नावलीवर क्रमांक टाका, एकतिसाव्याला कुणी 'हो' म्हटलं तर क्रमांकावरून नाव शोधून पोलिसांना कळवा. मावशी कायद्याच्या विरोधात नव्हती. लेकरांना हात लावणाऱ्याला सोडूच नये, असंच तिचं म्हणणं. तिचं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. नाव कळणार नाही, हे वाक्यही पूर्वीसारखंच वाचायचं होतं!

"म्हणजे पोरांच्या तोंडावर खोटं बोलू?"

"बाई, तुम्ही वाक्य वाचा. बाकीचं आम्ही बघतो."

तिने वाचलं नाही. भिंतीकडे वळण्याआधी प्रत्येक वर्गाला सांगितलं, "कागदावर क्रमांक आहे. त्यावरून नाव कळतं. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा." झाडून सगळ्यांनी एकतिसावा कोरा सोडला.

मी तिची भाची, त्याच कार्यालयात आकडे भरते. कोरे प्रश्न मी वेगळ्या रकान्यात ठेवले होते. साहेबांनी ते 'असं काही घडलेलं नाही' या रकान्यात टाकायला लावले. अहवालात छापून आलं, प्रमाण शून्य, कायदा यशस्वी. बैठकीत टाळ्या पडल्या. शून्याला नर्स कशाला, म्हणून जिन्याखालच्या खोलीला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात एक मुलगी ते कुलूप बघून परत गेल्याचं शिपायाने सांगितलं. कोण होती, कुणालाच माहीत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आकडे भरताना मी मूग गिळून बसले होते, तेव्हा त्या कुलपात माझाही वाटा आहे.

मावशी प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. मी मागोमाग.

"पोरं घाबरलीत म्हणून शून्य आलंय. एवढं एक वाक्य अहवालात घाला."

"वरून विचारणा होईल, बाई. मलाही नोकरी आहे."

मावशीने एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "मग यावर लिहा, शून्य कसं आलं ते. नाव घालू नका." आणि वळून कपाटाशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने टोपण परत लावलं.

"झालं?" तिने भिंतीकडे बघतच विचारलं.

साहेबांनी कागद तसाच पुढे ढकलला. मावशीने तो उचलून माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवला.

"घे," ती म्हणाली, "हाही शून्यात धर."