राणी बसली गादीवरती : जयपूरचे चार दिवस

माझी लेक मंजिरी जयपूरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली आणि मी पुण्याहून गाडीत बसलो. कौतुक होतंच, पण फोनवर तिचा आवाज बारीक झाला होता, ते जास्त खुपत होतं. रेल्वेनं जवळजवळ एक दिवस लागतो. म्हाताऱ्यांनी खालचा बर्थ वेळेत मागून घ्यावा. तिकिटात सवलत आता नाही.

मंजिरी इथं कॉलेजात शिकवते, मालवीय नगरात राहते. जावयांची बदली भोपाळला झालेली. तिनं दार उघडलं ते साखळी लावून, आधी फटीतून बघून.

"काय गं, चोरांची भीती?"

"चोर बरे, बाबा. आत या."

नात ईरानं सगळं सांगितलं. "आजोबा, रोज ब्लँक कॉल येतात. लोक म्हणतात, मम्मीनं पप्पांना भगवलं. मतलब, पळवून लावलं. आणि ती मंडळाचा पैसा खाणार."

इतकी वर्षं मंजिरी मंडळाच्या गणपतीत दोनशे माणसांचे मोदक वळत होती, तेव्हा ती 'आपली मंजिरी' होती. अर्ज भरल्यापासून 'महाराणी' झाली.

शनिवारी ईरा मला नाहरगडावर घेऊन गेली. वळणांचा घाट आहे, सकाळीच जा. वाटेत प्याज कचोरी खा, पण एकच. वरून अख्खं शहर दिसतं. मला शाळेतल्या कवितांतले बुरूज आठवू लागले. गाइडनं एका बंद दाराकडे बोट केलं. "राजा ने एक नाचनेवाली को आधा राज दे दिया था जी. फिर यहीं क़ैद हुई. जादू कर रखा था राजा पे."

"भैया, जादू किसने देखा?" ईरानं विचारलं.

"देखा किसी ने नहीं, बिटिया. कहते सब हैं."

मी हसलो. 

रविवारी मंडळाचं जेवण होतं. मसालेभात, मठ्ठा, श्रीखंड. परमुलखात अशी पंगत म्हणजे सणच. दहा वर्षं अध्यक्ष असलेले आणि यंदाही उभे असलेले सबनीस, निवृत्त बँक अधिकारी, माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्नेहसंमेलनाला कविता करायचात म्हणे. होऊन जाऊ द्या!"

मी विरघळलो. चाळीस वर्षांपूर्वी मुलांसाठी रचलेली कविता खड्या आवाजात, चालीवर म्हटली:

राणी बसली गादीवरती, विहिरी साऱ्या आटल्या,
राणी उतरली गादीखाली, मेघमाला दाटल्या!

मग टाळ्यांचा कडकडाट. सबनीसांनी फोन समोर धरला होता. मला वाटलं, काय रसिक माणसं! मठ्ठा वाढणारी मंजिरी तेवढी जागच्या जागी थांबली होती.

घरी जाताना रिक्षातच ईरानं मंडळाचा ग्रुप दाखवला. माझा आवाज, आणि वर मंजिरीचा फोटो. डोक्यावर चिकटवलेला मुकुट. 

तसा मुकुट मी आधी पाहिला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या संमेलनात याच कवितेवर राणी झाली होती नऊ वर्षांची मंजिरीच. पुठ्ठ्याचा मुकुट मीच कातरला होता. पोरांनी हुर्यो करून तिला खाली उतरवलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "बाबा, राणीनं विहिरींचं काय केलं होतं?"

"कवितेत असं विचारायचं नसतं," मी म्हणालो होतो.

"मंजू, नाव मागे घे," घरी पोचताच मी काकुळतीला आलो. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास.

तिनं तो शांतपणे ठेवला. "तेव्हा तुम्ही सांगितलंत म्हणून उतरले, बाबा. आता नाही."

सोमवारी परतीची गाडी पकडली. मतदान पुढच्या रविवारी होतं. त्या दिवशी पुण्यात देवापुढे बसलो, तरी काय मागावं कळेना. संध्याकाळी ईराचा फोन आला: "आजोबा, मम्मी जिंकली! चार वोटांनी!" मी बोलणार, तोच ती हळू आवाजात म्हणाली, "पण मिटिंग चालू असताना हॉलचं पाणी गेलं. इथं जातंच ना नेहमी. लगेच कुणीतरी ग्रुपवर लिहिलं, विहिरी साऱ्या आटल्या. खाली तुमचं नाव."

मंजिरीनं अर्ध्या तासात टँकर मागवला. पाणी आलं. त्यावर कुणीही ओळ लिहिली नाही.

जयपूरला जरूर जा, थंडीत जा. मी मात्र रोज सकाळी मंडळाच्या ग्रुपसाठी लिहायला बसतो: राणीनं विहिरींना काहीही केलं नव्हतं. यमक जुळत नाही. आज तसंच ईराकरवी पाठवून दिलं. अजून टाळी नाही. फोन वाजला की मीही आधी नंबर बघतो, मगच उचलतो.