दोन पिनांचा ॲम्प्लिफायर

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही, देवापाशी तर नाहीच — या गोष्टीत देवाचं नाव घ्यायचीच मला धास्ती वाटते. मग तुमच्यापाशी का बोलते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आता नाही बोलले तर गावात लोक जे म्हणतात तेच खरं ठरून बसेल, म्हणूनही असेल. थांबा, नीट सांगते. मला फाटे फोडायची खोड आहे, आणि इथे तर मी मुद्दाम फोडीन, तेव्हा मला जरा धरून ठेवा.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं घर कुणकेश्वराच्या अलीकडच्या एका वाडीत, समुद्राच्या अंगाला. घरात माणसं दोनच — मी आणि माझी सासू. मी तिला आये म्हणायची, ती मला चेडवा, म्हणजे पोरी. नवरा बोटीवर. त्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा टीव्ही आणला, व्हिडिओ आणला आणि माझ्या कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणले. वाडीतली माणसं स्पीकरच बघायला येऊन गेली! पण जोडून बघतो तर आवाज कसला, नुसता घोगरा. जाताना तो मला सांगून गेला, "ह्या स्पीकरांका वेगळो ॲम्प्लिफायर व्हयो. चांगलो बघून घे, चकचकीत बघून नको." चांगला ओळखून होता मला.

माझं माहेर कसालजवळचं, भातशेतीवाले आम्ही. गणपती झाल्यावर माहेरी गेले होते, तेव्हा कसालच्या बाजारात एका रेडिओवाल्याचं दुकान गाठलं. त्याने दोन ॲम्प्लिफायर पुढ्यात ठेवले. एक काळा, जड, अगदी ठोकळा, मागून तीन पिनांची जाड वायर. आणि दुसरा — काय सांगू तुम्हाला! पुढे स्टीलची लखलखीत पट्टी, उचलायला दोन बाजूंना स्टीलच्या मुठी, आणि गाणं लागलं की हिरवे-तांबडे दिवे वरखाली नाचायचे. त्याला पिना दोनच. दुकानदार म्हणाला, "वयनी, ह्येका अर्थ नाय. त्या काळ्याक अर्थ आसा, तोच घेवा." मला हसूच फुटलं. अर्थ नाही म्हणे! सिनेमातल्या गाण्यांना तरी कुठे अर्थ असतो, म्हटलं, द्या तो दिव्यांचाच. तोही हसला आणि त्याने तो पुठ्ठ्यात बांधून दिला.

अर्थ म्हणजे जमिनीत पुरलेली तार. यंत्रात वीज फुटली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेतून जमिनीत जावी, म्हणून असते ती. हे मला तेव्हा माहीत होतं का? नव्हतं, शपथेवर नव्हतं. पण पुढे कळलं. आणि कळल्यावर मी जे केलं —

नाही, क्रमाने सांगते.

घरी आणला, जोडला. आवाज असा घुमला की कौलं हादरली, आये कानावर हात ठेवून हसत बसली. मी खूश. पण एक दिवस फडक्याने पुसताना त्या स्टीलच्या मुठीला बोट लागलं आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. माझ्या पायात रबरी स्लिपर होत्या — घरातही घालायची मी, आयेला ते आवडत नसे. मी मनात म्हटलं, असेल काहीतरी. पुन्हा बोट लावलं, पुन्हा मुंग्या. मग ओटीवरचा दिवा दुरुस्त करायला वायरमन आला होता त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने पिना काढल्या, उलटवून घातल्या, मूठ तपासली — काही नाही. म्हणाला, आतली वायर कुठेतरी घासून पत्र्याला लागली असणार, पिना अशा घातल्या तर ठीक, तशा घातल्या तर पत्र्यात वीज, अनवाणी माणसाने हात लावला तर जीव जाईल, आधी हा दुरुस्तीला टाका. टाकते म्हटलं. टाकला नाही. का नाही? नवऱ्याला कळलं असतं की चकचकीत बघूनच घेतला, आणि तो मला वर्षभर चिडवत राहिला असता. एवढंच. ऐकताना तुम्हाला क्षुल्लक वाटेल, मलाही वाटतं. आयेला मात्र मी एका शब्दाने सावध केलं नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या हत्यारांची पूजा असते. कोयता, विळी, पहार, शिवणयंत्र, सगळं धुऊन पुसून मांडायचं. आयेच्या मनात आलं, यंदा ह्या मशिनीचीही करूया, माझ्या झिलाने, लेकाने, धाडलेल्या पैशांचं आहे. आये विधवा, म्हणून हळदकुंकू मी लावलं, आणि फूल ती ठेवणार होती. शेजारची काकी दारात उभी होती. आयेने झेंडूचं फूल पाण्यात बुडवलं, ॲम्प्लिफायरवर ठेवलं, आणि नमस्कार करायला दोन्ही हात त्या मुठींना लावले. अनवाणी. सारवलेली जमीन अजून ओली होती.

ती थरथरली. सगळं अंग थरथरलं, केस सुटले, तोंडातून एक आवाज निघाला — तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग ती मागे फेकली गेली. मशीन तर बंद होतं, दिवे विझलेले, त्यामुळे विजेचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पण भिंतीवरचं बटण चालू होतं, आणि आदल्या दिवशी झाडताना मी पिना काढून परत घातल्या होत्या. कशा घातल्या ते मी बघितलं नव्हतं.

काकी ओरडली, "अगो बाय! अवसर इलो गो, अवसर!"

अवसर म्हणजे देव अंगात येणं. आमच्या देवळात ठरलेल्या माणसांच्या अंगात येतो, सगळे हात जोडून उभे राहतात, त्याला प्रश्न विचारतात. माझ्या सासूच्या अंगात आला असं काकीने वाडीभर केलं, आणि मी तिथेच, त्याच घडीला तोंड उघडायला हवं होतं. आये उठून बसली होती, तिचे हात लाल झाले होते, आणि चेहऱ्यावर — कसं सांगू? सासरे गेल्यापासून तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नसे, लग्नाच्या मांडवात ती मागे बसायची. त्या दिवशी बायका वाकून तिच्या पाया पडल्या. मी गप्प बसले. तिच्यासाठी गप्प बसले असं मी स्वतःला कितीदा तरी सांगून पाहिलं. खोटं आहे ते. मी भ्याले होते, दुसरं काही नाही.

आता खरी भीती सुरू झाली. आये रोज सकाळी न्हाऊन, ओल्या हातांनी फूल घेऊन त्या मशिनीपाशी यायला लागली. मी तिच्या आधी उठायची आणि पिना ओढून ठेवायची. विहिरीवर तिचा पोहरा वाजला की मी धावत जाऊन पुन्हा बघायची — काढल्यात ना? काढल्या होत्या. तरी पुन्हा बघायची. जेवण जाईना, मी सुकत चालले. काकी म्हणाली, नवऱ्याच्या आठवणीने झुरते. झुरते कसली! मशीन मोडून फेकायचं तर आता तो देव झालेला. दुरुस्तीला न्यायचं तर उचलू कोण देणार?

पिना काढलेल्या, तेव्हा देव येईना. आये हात लावून वाट बघायची. नुसती बघत राहायची हो, डोळे मिटून! मग माझ्याकडे वळून विचारायची, "माजा काय चुकला गो?" तिने एक वेळचं जेवण सोडलं. बायका येऊन बसायच्या, काही घडत नाही बघून उठून जायच्या, आणि जाताना कुजबुजायच्या. घरात काहीतरी विटाळ झाला असणार. सून स्लिपर घालून फिरते, सिनेमे बघते, नवरा परदेशी — तुम्हाला कळलं ना बोलणं कुठे चाललं होतं? एकदा मी आयेजवळ बसले, म्हटलं, आये, ऐक, तो करंट — आणि तिने इतक्या आशेने माझ्याकडे पाहिलं की मी म्हटलं, करंजी करू का आज? करंजी! असल्या वेळी करंजी सुचली मला.

शेवटी काकी म्हणाली, "देवाक कौल लावया. कोणाचा चुकला ता देवच सांगात." कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सोमवार ठरला.

आणि मी, जिला त्या पिनांचं सगळं ठाऊक होतं, जिला पक्कं माहीत होतं की त्या मशिनीत देवबिव काही नाही — ती मी कौलाला भ्याले. माझ्या नावाने पाकळी पडली तर? दगडाला माहीत असलं तर? मग मला वाटलं, कौल लागूच नये असं काहीतरी व्हायला हवं. सोमवारी सकाळी आयेच्या अंगात पुन्हा अवसर आला तर प्रश्नच उरला नाही. चुकलंच नाही कुणाचं काही.

ऐकताय ना? मी हे ठरवून केलं.

सोमवारी सकाळी मी मशिनीसमोर गोणपाट टाकलं, जाडसर, सुकं — म्हणजे थोडासाच झटका बसेल, माझ्यासारख्या मुंग्या येतील, बस्स. पिना घातल्या. ज्या बाजूने घालायच्या नाहीत त्या बाजूने. भिंतीवरचं बटण दाबलं आणि बटणाशेजारीच उभी राहिले. दारात काकी आणि चार बायका. आये आली ती विहिरीवरून ओलेत्याने आली. कौलाचा दिवस म्हणून डोक्यावरून पाणी घेऊन, तशीच, लुगड्यातून पाणी गळत होतं. आणि मी बघतेय, तिने पायाने ते गोणपाट बाजूला सारलं. देवासमोर गोणपाटावर कोण उभं राहतं? मला हे कळायला हवं होतं. मी तिच्याच घरातली सून होते.

मी बटण बंद करू शकत होते. तिचा हात मुठीपर्यंत जायला वेळ होता. मी केलं नाही, कारण दारात बायका होत्या.

तिने दोन्ही हात लावले. या खेपेला ती फेकली गेली नाही. बोटं मुठींवर आवळून बसली, सुटेनात. बायकांनी हात जोडले, एकीने आरोळी ठोकली. आयेची मान मागे गेली, डोळे पांढरे झाले. माझं बोट बटणावर होतं. नुसतं दाबायचं — पण मी दाबलं आणि त्याच क्षणी तिचं थरथरणं थांबलं, तर? काकीचं लक्ष सगळीकडे. बटण टक्‌कन वाजतं. सगळ्यांना कळलं असतं. मी थांबले. किती वेळ, ते विचारू नका. थांबले एवढं खरं. मग एक बाई वाकून पाया पडली, सगळ्यांचे डोळे खाली गेले, तेव्हा मी दाबलं.

आये पडली. श्वास होता. डॉक्टर आणा असं मी म्हणायला हवं होतं, तर बायका म्हणाल्या, अवसर भारी होता, पडू दे तिला, आणि मी तेव्हाही त्यांचंच ऐकलं. दुपारपर्यंत तिचे ओठ निळे दिसायला लागले. बायका घराकडे गेल्या. संध्याकाळी ती गेली. देवाने हाताला धरून नेली असं अजून गावात म्हणतात, असं मरण भाग्यवंताला येतं म्हणतात. नवराही तेच म्हणाला, रडत रडत.

पण ती जायच्या आधी आम्ही दोघीच होतो. तिने मला खूण करून जवळ बोलावलं. हात उचलेना, म्हणून मीच तिचा हात हातात घेतला. बोटांवर भाजल्याचे पांढरे चट्टे होते.

"भियालंस, चेडवा?" ती म्हणाली. मी त्या बोटांवर पदराचं टोक ठेवलं. ती म्हणाली, "तू माका दिसत होतंस, थंय भिंतीकडे. देव अंगात आसताना मदी हात घालूचो नसता. तुका ता कळला. बरा केलंस गो."

मी म्हटलं, "व्हय, आये."